खुनी कोण, ते मी सांगणार नाही

कर्ण शेवटी मरतो. हे वाक्य मी चारचौघांत बिनधास्त बोलू शकतो. ‘मृत्युंजय’ अजून न वाचलेला माणूससुद्धा त्यावरून भांडण काढत नाही. ‘पानिपत’ हातात घेणाऱ्याला मराठे हरणार हे पहिलं पान उलटण्याआधीच ठाऊक असतं. तरी तो रात्र रात्र जागतो, शेवटी डोळे पुसतो आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत भाऊसाहेबांचं काय चुकलं यावर अर्धा तास बोलतो. लोक ऐकूनही घेतात. प्रेमकथा वाचणाऱ्यांचंही तसंच. ती त्याला मिळाली की नाही मिळाली, हे सांगताना त्यांचा आवाज जरासा कापरा झाला की ऐकणाऱ्याला पुस्तक मागून घ्यावंसं वाटतं.

रहस्यकथा वाचणाऱ्याला मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पुस्तकातलं जे सगळ्यात भारी, तेच सांगायची चोरी. लेखकाने तीनशे पानं आपल्या डोळ्यांदेखत काय डाव मांडला होता, हे ज्या क्षणी उमगतं, त्या क्षणी शेजारच्याला गदागदा हलवून सांगावंसं वाटतं. आणि नेमकं तेव्हाच गप्प बसायचं. ‘कसं आहे पुस्तक?’ ‘चांगलं आहे.’ ‘काय आहे त्यात?’ ‘एक खून होतो.’ एवढ्यावर संभाषण संपतं. समोरच्याला वाटतं, याला वाचलेलं काही लक्षात राहत नाही. वयाचा प्रश्न असतोच, पण दर वेळी नाही.

रिचर्ड ऑस्मनच्या पुस्तकांनी माझी ही पंचाईत फार वाढवली. हा मुळात इंग्लंडमधला टीव्हीवरचा माणूस. 2020 साली त्याचं ‘द थर्सडे मर्डर क्लब’ आलं. केंट परगण्यातल्या कूपर्स चेस नावाच्या सुखवस्तू वृद्धनिवासात चौघं जण राहतात. एलिझाबेथ हेरखात्यातून निवृत्त झालेली, जॉयस नर्स होती, इब्राहिम मानसोपचारतज्ज्ञ आणि रॉन जुना कामगार पुढारी. पोलिसांना न सुटलेली जुनी प्रकरणं चघळत बसणं हा त्यांचा छंद. त्यासाठी गुरुवारच का? तर त्या दिवशी कलेच्या इतिहासाचा वर्ग आणि फ्रेंच संभाषणाचा वर्ग यांच्या मध्ये दोन तास खोली रिकामी असते म्हणून. या एका तपशिलावर मी त्या लेखकाला सगळं माफ केलं. ज्याला सभागृहाच्या वेळापत्रकाचं महत्त्व कळतं, त्याला म्हातारपण कळतं.

आमच्याकडच्या ज्येष्ठ नागरिक संघात असा उपक्रम सुरू झाला तर काय होईल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आधी दिवंगत सभासदांना श्रद्धांजली, मग मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं, मग मधुमेहावर डॉक्टरांचं व्याख्यान. खुनाचा विषय ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ यात घ्यावा लागेल. तोवर मसाला दूध आलेलं असेल आणि प्रकरण पुढच्या सभेपर्यंत तहकूब. पुढच्या सभेला खुनी स्वतः आभारप्रदर्शन करेल. गंमत सोडा, पण ऑस्मनची खुबी तिथेच आहे. त्याची म्हातारी माणसं केक खातात, एकमेकांच्या औषधांच्या वेळा सांभाळतात, आणि मरण रोज दारावरून जात असल्यामुळे त्यांना खुनाचं भय नाही, उत्सुकता आहे.

या मालिकेतलं चौथं पुस्तक, ‘द लास्ट डेव्हिल टू डाय’, 2023 साली आलं. त्यातलं एक प्रकरण वाचून मी पुस्तक मिटलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. सकाळी फिरायला गेल्यावर मित्राला म्हटलं, “काल वाचताना रडू आलं रे.” तो म्हणाला, “रहस्यकथेत? कोणाचा खून झाला?” मी म्हटलं, “खुनाचा काही संबंध नाही.” “मग?” “ते सांगता येणार नाही.” त्याने माझ्याकडे एकवार पाहिलं आणि बी-बारा तपासून घ्यायला सांगितलं. 2025 मध्ये पहिल्या पुस्तकावरचा चित्रपट आला, त्यात हेलन मिरन आहे. तो त्याने पाहिला आणि आता त्याला वाटतं की आपल्याला सगळं माहीत आहे. मीही पाहिला. फर्निचर छान होतं.

जॅनिस हॅलेटच्या ‘द अपील’बद्दल (2021) बोलायला त्या मानाने सोपं जातं, कारण तिथे निदान मांडणीबद्दल बोलता येतं. या पुस्तकात निवेदक नाही, वर्णन नाही. आहेत ती नुसती ईमेलं, निरोप आणि चिठ्ठ्या. एका छोट्या गावातली हौशी नाटकमंडळी आर्थर मिलरचं ‘ऑल माय सन्स’ बसवताहेत, त्याच वेळी एका आजारी मुलीच्या उपचारांसाठी पैसे गोळा करताहेत. प्रमुख भूमिका दर वेळी एकाच घरात जाते, कारण संस्था त्यांचीच. ज्याने राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींत एक मोसम जरी घालवला असेल, त्याला या मंडळींपैकी कोणीही कोणाचाही खून केला तरी आश्चर्य वाटणार नाही. इतके दिवस थांबले कसे, एवढंच वाटेल. आणि त्यात एक इसी आहे. प्रत्येक ईमेलला सगळ्यांच्या आधी उत्तर देणारी, कोणी बोलावलं नसताना मदतीला येणारी. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर ती आहे. तुमच्याही आहे. ते पुस्तक वाचल्यापासून मी तिच्या ‘शुभ सकाळ’ला वेळच्या वेळी उत्तर देतो.

इथे माझ्या आत्याला आणणं भाग आहे, कारण माझ्या गप्प बसण्याच्या व्रताला घरातूनच विरोध आहे. आत्या साताऱ्याला शाळेत इंग्रजी शिकवत होती. तीही रहस्यकथांची भक्त. पण पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान उघडते. उघडपणे, सगळ्यांसमोर, चष्मा सारखा करून. “खुनी कोण ते कळलं की जिवाचा घोर जातो,” म्हणते, “मग बाकीचं निवांत वाचता येतं.” मी लहानपणापासून तिच्याशी यावर भांडत आलो. एकदा तर वैतागून म्हणालो, “आत्या, मग वाचतेस तरी कशाला?” तेव्हा तिने शांतपणे विचारलं, “अरे, सत्यनारायणाच्या पोथीत साधुवाण्याचं पुढे काय होतं ते मला माहीत नाही होय? तरी दर खेपेला ऐकतेच ना?” आता यावर काय बोलणार? साधुवाण्याची मुलगी प्रसाद विसरते, नाव बुडते, पुढे सगळं ठीक होतं. ‘आता पुढे काय’ म्हणून त्या पूजेला कोणी श्वास रोखून बसल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

आणि गेल्या काही वर्षांतली पुस्तकं तर आत्याच्याच बाजूने साक्ष द्यायला उभी आहेत. बेंजामिन स्टीव्हन्सन हा ऑस्ट्रेलियन लेखक, धंद्याने विनोदवीर. ‘एव्हरीवन इन माय फॅमिली हॅज किल्ड समवन’ या त्याच्या 2022च्या पुस्तकातला निवेदक सुरुवातीलाच सांगून टाकतो की पुढे कोणकोणत्या पानांवर माणसं मरणार आहेत. पानांचे आकडे देतो! ज्याला फक्त मुडदे मोजायचे असतील त्याने तेवढी पानं पाहावी आणि घरी जावं. असं असूनही मी एक पान गाळलं नाही. आत्याला सांगितलं तर म्हणाली, “बघ, तो माझ्या वळणाचा.”

मग मी तिला केइगो हिगाशिनोचं ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ दिलं. जपानीत ते 2005 साली आलं, तिथला मानाचा नाओकी पुरस्कार त्याला मिळाला, इंग्रजीत 2011 मध्ये उतरलं. सुजॉय घोषचा ‘जाने जान’ (2023) त्याच्यावरच बेतलेला. त्यात गणिताचा मास्तर कालिंपाँगला राहतो. कादंबरीत खून आपल्यासमोरच होतो, अगदी सुरुवातीला. कोणी केला, कोणाचा केला, का केला, सगळं स्वच्छ. मग शेजारच्या खोलीत राहणारा इशिगामी नावाचा गणिताचा शिक्षक त्या बाईच्या मदतीला येतो आणि म्हणतो, मी सांगतो तसं करा. पुढे पोलीस येतात, प्रश्न विचारतात आणि आपण खुन्याच्या बाजूने घाम पुसत बसतो. लपवण्यासारखं काही उरलेलंच नाही असं वाटत असताना खरं रहस्य दुसरीकडेच कुठेतरी बसलेलं असतं.

आत्याने नेमाप्रमाणे शेवटचं पान उघडलं. वाचलं. परत वाचलं. मग त्याच्या आधीचं पान वाचलं. “यात काहीच कळत नाही रे,” म्हणाली. मी काही बोललो नाही. चहाचे कप उचलून आत गेलो, कारण चेहरा लपवायला हवा होता. आयुष्यात प्रथमच तिला रहस्यकथा पहिल्या पानापासून वाचावी लागली. पुस्तक संपल्यावर तिचा रात्री फोन आला. आम्ही दोघंही एकेक वाक्य अर्धवट सोडून बराच वेळ बोललो. घरातल्या कोणाला त्यातलं अक्षर कळलं नसेल. रहस्यकथेचं खरं रसग्रहण हे असं, दोन दोषी माणसांमध्येच होऊ शकतं.

याच्या उलट आजकालच्या कव्हरांचा मला मनस्वी राग आहे. मलपृष्ठावर छापतात, ‘शेवटचं वळण तुम्हाला हादरवून टाकेल.’ अरे, वळण आहे हे सांगितल्यावर हादरायचं कसं? त्या वाक्यानंतर माणूस वाचक राहत नाही, जकात नाक्यावरचा कारकून होतो. आलेलं प्रत्येक पात्र उतरवून तपासायला लागतो. फार सालस आहे ना, मग हाच. चित्रपटात निदान एक सोपी खूण असते: नामवंत नटाला चार मिनिटांचं काम दिलेलं दिसलं की उरलेला वेळ पॉपकॉर्नकडे लक्ष द्यावं. पुस्तकात चेहरे नसतात हे केवढं भाग्य, आणि ते भाग्य प्रकाशकच कव्हरावर उधळून देतात. जाडीबद्दलही बोलण्यासारखं आहे. हल्ली गुप्तहेराचा घटस्फोट, त्याची दारू, त्याच्या मुलीचं न बोलणं, हे सगळं ओलांडून प्रेतापर्यंत पोहोचेस्तो दीडशे पानं होतात. होम्सलाही व्यसन होतं. पण दोन परिच्छेदांत उरकून तो कामाला लागे.

सचोटीने फसवण्याचे नियम एका धर्मगुरूने लिहून ठेवले आहेत. रोनाल्ड नॉक्स हे कॅथलिक पाद्री, स्वतः रहस्यकथा लिहीत. 1929 साली त्यांनी दहा आज्ञा दिल्या: गुन्हेगाराचा उल्लेख कथेत लवकर यायला हवा, एकाहून जास्त गुप्त वाटा नकोत, जुळा भाऊ आणायचा तर आधी वाचकाच्या मनाची तयारी करा, गुप्तहेराने स्वतः गुन्हा करू नये. आमच्या बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारला किंवा काळापहाडला ही यादी दाखवली असती, तर त्यांनी वेष पालटून त्या पाद्र्यालाच भेट दिली असती. अगाथा ख्रिस्तीने तर नियम यायच्या आधीच, 1926 साली, ‘द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड’ लिहून ठेवलं होतं. त्या पुस्तकाबद्दल… नाही. जवळपास शंभर वर्षं होत आली, तरी नाही. अजून कोणीतरी कुठेतरी ते पहिल्यांदा उघडत असेल.

ख्रिस्तीचे मराठी अनुवाद मधुकर तोरडमलांनी केले हा मला फार सूचक योग वाटतो. ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’ मधले त्यांचे प्राध्यापक बारटक्के कुठलाही शब्द अडला की ‘ह’ची बाराखडी लावत. रहस्यकथा वाचणाऱ्याला याहून सोयीची भाषा नाही. “त्या हने हीला हमध्ये हे घालून दिलं, आणि सगळ्यांना वाटलं ह्याने!” कथानक पूर्ण सांगून झालं, रहस्य जागेवर. माझं आणि आत्याचं फोनवरचं बोलणं ऐकणाऱ्याला असंच वाटत असावं.

गुपित राखण्याच्या बाबतीत ख्रिस्तीबाईंचा हात धरणारा कोणी नाही. त्यांचं ‘द माउसट्रॅप’ लंडनमध्ये 1952 साली लागलं. 2020 मध्ये करोनाने थिएटरं बंद पाडली तेवढाच मोठा खंड. प्रयोग संपल्यावर रंगमंचावरून प्रेक्षकांना विनंती करतात की खुनी कोण ते बाहेर सांगू नका. पिढ्यान्‌पिढ्या लोक ते पाळत आले. आजोबांनी नातवाला तिकीट काढून दिलं, पण नाव सांगितलं नाही. 2010 मध्ये विकिपीडियाने ते छापल्याबद्दल बाईंच्या घरच्यांनी नाराजी व्यक्त केली, तेव्हा मी मनाने त्यांच्या मोर्चात होतो. खुद्द बाईंनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपल्या गुप्तहेराचं, प्वारोचं, शेवटचं प्रकरण, ‘कर्टन’, लिहून कुलपात ठेवलं आणि 1975 पर्यंत बाहेर काढलं नाही. म्हणजे तीसेक वर्षं त्या त्याच्या नवनव्या कथा लिहीत होत्या, लोक पत्रं पाठवत होते, आणि त्याचा शेवट त्यांच्या पोटात होता. मला तर शेजारच्यांच्या मुलीचं लग्न ठरल्याचं संध्याकाळपर्यंत पोटात राहत नाही. प्वारो गेल्याची बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने 6 ऑगस्ट 1975 ला पहिल्या पानावर दिली. कल्पित माणसाला हा मान.

गुपित इतकं राखलं की कोणालाच कळलं नाही, असंही होतं. आपल्या वाचनालयांत अर्नाळकरांची पुस्तकं हजारांच्या घरात. त्यांनी लिहिलीच हजारावर. कागद पातळ, बांधणी जेमतेम, हात शेकडो. अशा पुस्तकाचं पहिल्यांदा काय जात असेल, तर शेवटचं पान. झुंजार दाराशी पोहोचला आहे, आत कोणीतरी हसतंय, आणि पुढे थेट पुठ्ठा! अँथनी होरोविट्झने ‘मॅगपाय मर्डर्स’ (2016) याच कल्पनेवर रचलं आहे. संपादिकेकडे रहस्यकादंबरीचं हस्तलिखित येतं, ती रात्रभर वाचते आणि बघते तर शेवटचं प्रकरणच नाही. मग ते शोधायला निघते. इंग्रज वाचक त्याच्या कल्पकतेवर खूश झाले. आम्ही म्हटलं, आमच्याकडे हे रोजचंच होतं.

पण हा प्रकार सगळ्यात चटका लावतो तो बंगाली गुप्तहेर ब्योमकेश बक्षीच्या बाबतीत. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी 1932 पासून ब्योमकेशच्या कथा लिहिल्या, मग चित्रपटांसाठी ते 1938 साली मुंबईला बॉम्बे टॉकीजमध्ये आले, ब्योमकेशला त्यांनी पंधराएक वर्षं हात लावला नाही. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी तो परतला आणि शरदिंदु स्वतः 1952 साली पुण्याला येऊन राहिले. म्हणजे कलकत्त्याच्या हॅरिसन रोडवर राहणारा, धोतर नेसणारा तो सत्यान्वेषी उत्तरार्धात पुण्यात बसून लिहिला गेला. ‘शैलरहस्य’ मध्ये तर तो चक्क महाबळेश्वरला येतो. दूरदर्शनवर रजित कपूरचा ब्योमकेश बघताना हे आम्हा पुणेकरांना ठाऊक असतं, तर एव्हाना पाटी लावून झाली असती.

1970 साली शरदिंदु गेले तेव्हा ‘विशुपाल वध’ ही कथा अर्धी लिहून झाली होती. कीचकवधाचं नाटक चालू आहे, कीचकाचं काम करणारा नट रंगमंचावरच मरतो. कीचकवध म्हटल्यावर आपल्याला खाडिलकर आठवतात आणि इंग्रज सरकार संशयित वाटू लागतं. इथे मात्र संशयित सगळे विंगेत उभे आहेत. ब्योमकेश प्रश्न विचारायला लागतो, आणि कथा थांबते. त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी, 1870 साली, डिकन्सने ‘एडविन ड्रूड’ असंच अर्ध्यावर सोडलं होतं. पुढे लोकांनी ड्रूडचे नाना शेवट लिहिले. मी त्यातला एकही वाचलेला नाही. ज्याचं गुपित त्याच्याबरोबर गेलं, ते दुसऱ्याकडून ऐकण्यात मजा नाही. आत्याचं मत अर्थातच वेगळं आहे. तिच्या मते ज्या पुस्तकाला शेवटचं पानच नाही, ते छापणं हा ग्राहकावर अन्याय आहे.

आमच्या वाचनालयात मात्र एक अनामिक सभासद आहे, आणि त्याने मला कोड्यात टाकलं आहे. तो रहस्यकथांमध्ये पेन्सिलने लिहितो. बारीक, टोकदार अक्षर. सुरुवातीला एका पुस्तकात मधेच समासात ‘नर्स’ असं लिहिलेलं सापडलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रहस्य फोडणाऱ्याला वाचनालयातून काढून टाकावं, असं पत्र मनातल्या मनात लिहीत मी पुढे वाचत राहिलो. नर्सवर डोळा ठेवला. ती गोळ्या मोजते, ती खिडकी लावते, सगळं संशयास्पद. शेवटी कळलं, नर्स गंगेसारखी पवित्र. तोवर खरा खुनी माझ्या नाकासमोरून तीनदा गेला होता. म्हणजे हा सभासद रहस्य फोडत नव्हता, लेखकाच्या डावात स्वतःचा एक पत्ता घालून ठेवत होता. पुढच्या एका पुस्तकात त्याने ‘मेजर’ लिहिलं. मी अर्थातच मेजरला निर्दोष धरून चाललो. खून मेजरनेच केला होता.

आता मी पुस्तकाची निवडसुद्धा त्या अक्षरावरून करतो. कपाटापाशी उभा राहून आधी समास चाळतो. ग्रंथपाल बाई चष्म्यावरून पाहतात, त्यांना बहुधा मीच तो वाटत असेन. सध्या युकितो अयात्सुजीचं ‘द डेकॅगॉन हाउस मर्डर्स’ घरी आणलं आहे. मूळ जपानी 1987 सालचं, इंग्रजीत आता हातोहात फिरतंय. एक निर्जन बेट, त्यावर दहा कोनांचं घर, आणि सुट्टी घालवायला आलेले विद्यापीठाच्या रहस्यकथा मंडळाचे सात विद्यार्थी. त्यांनी एकमेकांना एलरी, अगाथा, पो अशी मोठमोठ्या लेखकांची नावं दिली आहेत. जपानी प्रथेप्रमाणे घराचा नकाशाही छापला आहे. त्या नकाशात एका खोलीवर पेन्सिलने अगदी बारीक फुली मारलेली आहे. शेजारी प्रश्नचिन्ह होतं, ते खोडलंय. मी निम्म्यावर आलोय, आणि त्या खोलीत राहणाऱ्याने अजून एकही गोष्ट चुकीची केलेली नाही.